सासूबाईंची कॅनडातली घरभेट

कॅनडातल्या एका गल्लीत लहान पोरं आमच्या सासूबाईंना भूत समजली, ही हकिकत पुसदच्या आमच्या चर्चच्या मंडळीत इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी रंगवून सांगितली आहे, की आता ती मीच एकदा सरळ सांगून टाकते. त्या संध्याकाळी सासूबाईंच्या मागे फक्त मी होते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नव्हते. ते जे सांगतात त्यातलं निम्मं त्यांनी माझ्याकडून ऐकलंय आणि उरलेलं निम्मं त्यांचं स्वतःचं आहे.

आमच्या सासूबाई म्हणजे बायबलबाई. मिशनच्या काळापासून आमच्याकडे चर्चचं हे काम बायकांचं. अंगावर बारीक निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्याच्या पिशवीत बायबल आणि गीतांचं पुस्तक, आणि पायी घरोघर जायचं. याला आम्ही घरभेट म्हणतो. घरभेटीला आधी निरोप द्यायचा नसतो की वेळ ठरवायची नसते. दाराची कडी वाजवायची, 'हाये का कोणी घरात?' म्हणत आत शिरायचं, भुईवर बसायचं, दुखणंखुपणं विचारायचं, एक गीत म्हणायचं, आणि मग विचारायचं, 'काय मागू तुह्यासाठी?' समोरचा जे सांगेल ते देवाकडे मागायचं, त्या घरचं पाणी प्यायचं आणि उठायचं. झरी जामणीच्या जंगलातल्या कोलामांच्या पोडांपासून, म्हणजे पाड्यांपासून, ढाणकीच्या बाजारपेठेपर्यंत सासूबाईंनी सगळा मुलूख असा पायाखाली घातलेला. हिंदू कास्तकार असोत, बौद्ध शेजारी असोत, सगळ्यांच्या घरात त्यांची ऊठबस. धर्म बदला असं त्या कोणाला सांगत नसत. निदान पहिल्या भेटीत तरी नाही.

हे वेड त्यांना उगाच लागलेलं नाही. त्या लहान होत्या तेव्हा त्यांच्या घरात गावातलं दुसरं कोणी पाऊल ठेवत नसे. का नसे, ते मी सांगत बसत नाही. आपल्याकडे सगळ्यांना कळतं. तशा त्या घरी एक दिवस मिशनची गोरी बाई न सांगता आली, वाकून आत शिरली, शेणानं सारवलेल्या भुईवर बसली आणि घरातलं पाणी मागून प्याली. सासूबाई आजही सांगतात, "माही माय दिवसभर त्या बसल्या जागेकडंच पाहे. झाडू मारू देईना तिथं."

आता हे घडलं त्या वर्षांबद्दल. कापूस बुडाला होता आणि यवतमाळ जिल्ह्याचं नाव जगभर झालं होतं. कशासाठी, तेही जगाला ठाऊक होतं. रोज कोणीतरी कॅमेरा घेऊन यायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे कधीमधी प्रशिक्षणाला पुण्याबिण्याला जाणं व्हायचं. तिथं 'कुठल्या तुम्ही?' या प्रश्नाला 'यवतमाळच्या' म्हटलं, की समोरच्या बाईचा चेहरा एकदम मयताला आल्यासारखा व्हायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, दुःख होतं, खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडे त्या वर्षांत लग्नंही होत होती, बारशीही होत होती, आणि भांडणं तर मी स्वतः रोज करत होते. सासूबाई मात्र त्या वर्षांत कधी नव्हत्या इतक्या फिरल्या. ज्या घरात मयत झालं त्या घरात जाऊन बसायच्या. बोलायच्या नाहीत फार. नुसत्या बसायच्या.

अशात पाळकसाहेबांना कॅनडातल्या एका लहानशा गावच्या चर्चचं बोलावणं आलं. आमच्या जिल्ह्याची बातमी वाचून तिथले लोक दर रविवारी आमच्यासाठी प्रार्थना करत होते म्हणे. आता त्यांचं म्हणणं, तुमच्याकडचं एक मिशन-पथक आमच्याकडे पाठवा, जाण्यायेण्याचं आम्ही बघतो. पाळकसाहेब व्यासपीठावर उभे राहून म्हणाले, "आजवर ते आपल्याकडे आले. आता आपण सुवार्ता घेऊन त्यांच्याकडे जाऊ." पथक ठरलं तिघांचं. ते स्वतः, सासूबाई, आणि मी. मला इंग्रजी येतं हे एक, आणि सासूबाईंचं तोंड आवरायला कोणीतरी हवं हे दुसरं. माझे यजमान येऊ शकत नव्हते. वेचणी तोंडावर आली होती.

इथवर ठीक होतं. पण पाळकसाहेबांनी त्याच दमात पुढं जाहीर केलं, की मावशींनी आयुष्यभर सेवा केली, तेव्हा परदेशातून आल्यावर आपण त्यांचा निरोप समारंभ करू, शाल देऊ, आणि मग मावशींनी घरी बसून आराम करावा. टाळ्या पडल्या. सासूबाई बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. त्या भिंतीला धरून उठल्या.

"मले कोण म्हणे थकली म्हणून? पुढं या जरा."

कोणी पुढं आलं नाही.

"शाल तुमच्या घरी ठेवा. मी तिथं जाऊन एक घरभेट करीन. न बोलावता. कोणाच्या तरी घरात बसून, प्रार्थना करून, पाणी पिऊन येईन. केली, तर मले घरी बसवाचं नाई. नाई जमली, तर टाका शाल अंगावर, मी एक शब्द बोलणार नाई."

मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले आणि 'मंजूर' म्हणाले. त्यांना वाटलं, घरभेट करणं ते काय कठीण. त्यांनीही तोवर कॅनडा पाहिला नव्हता.

आम्ही निघालो. सासूबाईंनी ठेचा, चिवडा आणि ज्वारीचं पीठ घेतलं. जन्मभर चप्पल घातलेल्या पायांत पहिल्यांदाच कापडी बूट चढवले. विमानातून उतरायच्या वेळी त्यांना खुर्चीतून उठता येईना. मला म्हणाल्या, "हे खुर्ची खराब हाये." मी मान डोलावली, कारण खुर्ची खरंच खराब होती.

ते गाव म्हणजे नजर जाईल तिथवर सपाट शेतं, गहू कापून मोकळी झालेली, आणि थंडी अशी की पाळकसाहेब आणलेले सगळे स्वेटर एकावर एक घालून फिरत होते. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो ती बाई फार प्रेमळ. पण तिनं आमचा कार्यक्रम कागदावर छापून फ्रिजला चिकटवला होता. कधी उठायचं, कधी न्याहारी, कधी चर्च, कधी विश्रांती. सासूबाईंनी मला तो वाचायला लावला आणि विचारलं, "याच्यात घरभेट कुठं हाये?" नव्हती.

पहिल्या सभेत त्यांनी आमच्या स्वागताला पडद्यावर चित्रं दाखवली. भेगाळलेली जमीन, डोक्याला हात लावून बसलेला माणूस, रडणाऱ्या बाया. त्यातली एक बाई तर आमच्या जिल्ह्यातली काय, आमच्या राज्यातलीही नसावी; तिच्या नेसण्यावरून कळत होतं. मी आतल्या आत धुमसत होते. समोरच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या हातरुमालानं डोळे पुसायला लागल्या. सासूबाई माझ्या कानाशी आल्या.

"ह्या बाया काहून रडून राह्यल्या? कोणाच्या घरी काही झालं का?"

"आपल्यासाठी रडतायत, आई."

"आपल्यासाठी? मंग आपल्याले काही विचारलं का?"

मग त्यांना बोलायला उभं केलं. अपेक्षा अशी की बाईनं जिल्ह्याचं दुःख सांगावं. सासूबाई उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आमचं देवाच्या कृपेनं चाललं हाये. तुमचं सांगा. तुमच्यात कोणाले काय दुखते?" मी भाषांतर केलं. लोक एकमेकांकडे बघेनात, छताकडे बघू लागले. शेवटी मागून एकानं जाहीर केलं, की कॉफी तयार आहे.

घरी येताना यजमानीण मला हळूच म्हणाली, इथं लोकांना असं सगळ्यांदेखत विचारलेलं आवडत नाही. मी ते सासूबाईंना सांगितलं. "सगळ्यांदेखत नाई ना? चांगलं हाये. मंग मी घरी जाऊन विचारीन," त्या म्हणाल्या. यजमानीण म्हणाली, घरी जायचं तर आधी फोन करावा लागतो, त्यांना सोयीचा दिवस विचारावा लागतो, पुढच्या महिन्यात कदाचित जमेल. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पुढच्या महिन्यात? तवर आमच्या पऱ्हाटीचा कापूस वेचून होईन!"

दुसऱ्या दिवशी विश्रांतीच्या वेळेत त्या निघाल्याच. मी मागे. पहिल्या घराला कडीच सापडेना. दाराची चौकट त्यांनी वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिली. मी बटण दाबलं, तर भिंतीतल्या डबीतून माणूस बोलला. सासूबाई त्या डबीला 'प्रभू येशूच्या नावात सलाम' म्हणाल्या आणि त्याला दार उघडायला सांगू लागल्या. त्यानं उघडलं नाही. दुसऱ्या घरातल्या बाईनं काचेतूनच मान हलवली. तिसरीनं दार उघडलं, आमच्याकडे आपादमस्तक पाहिलं, आत गेली आणि सासूबाईंच्या हातात घेवड्याच्या उसळीचा डबा ठेवून दार लावून घेतलं. आम्ही गरिबांसाठी वस्तू गोळा करतोय असं तिला वाटलं. सासूबाई डब्यावरचं चित्र पाहत कितीतरी वेळ तिथं उभ्या होत्या.

आम्ही परत येईस्तोवर तक्रारीचा फोन पोचला होता. पाळकसाहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "मावशी, आपण पाहुणे आहोत. इथली रीत वेगळी आहे." मग जरा खुशीत येऊन म्हणाले, "शाल तुम्हाला कोणत्या रंगाची आवडेल?"

सासूबाई मांडीवरचा उसळीचा डबा फिरवत राहिल्या. मला मात्र असा संताप आला, की मीच म्हटलं, "तुमच्या स्वेटरांवर शोभेल अशी घ्या, तुम्हालाच लागेल." पाळकसाहेबांनी माझ्यासाठी तिथंच प्रार्थना केली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाहेर पाहतो तो सगळ्या घरांच्या पायऱ्यांवर भोपळे. एवढाले केशरी भोपळे, डोळे कोरलेले, दात कोरलेले, आत दिवा ठेवायला पोखरलेले. सासूबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्याकडे चौकात नाहीतर कोणाच्या दारात उतारा टाकतात ना, लिंबू, हळदकुंकू, कोहळा? त्यांना ते तेच वाटलं. "अवं, इथं तर सगळ्याच गल्लीनं उतारा टाकला!" त्या म्हणाल्या. "अन् हे लोकं आपल्याकडं मिशनरी धाडत होते!" पाळकसाहेब सैतानाला धिक्कारत खिडकीतून मागे सरले. यजमानीण हसून हसून लोटपोट झाली. मग तिनं समजावलं, की हा हॅलोविन नावाचा मुलांचा सण आहे. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन संध्याकाळी घरोघर जातात, लोक त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतात, बस. ज्यांच्या दारावर दिवा लागलेला असतो त्यांच्याकडे जायचं. ज्यांचा दिवा बंद, त्यांना त्रास द्यायचा नाही.

यातलं सासूबाईंनी एवढंच ऐकलं, की आज घरोघर जातात.

संध्याकाळी पाळकसाहेब यजमानिणीच्या नवऱ्याबरोबर चर्चमध्ये गेले होते. यजमानीण दारात उभी राहून गोळ्या वाटत होती. मी जरा स्वयंपाकघरात गेले, परत येते तो सासूबाई नाहीत. कोट खुंटीला तसाच. मी यजमानिणीच्या नवऱ्याचा घोळदार कोट चढवला, माकडटोपी घातली, सासूबाईंचा कोट काखेत मारला आणि धावले.

त्या गल्लीत होत्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, खांद्याला पिशवी, पोरांच्या रांगेत शेवटी उभ्या. तोंडावर असा आनंद की काय सांगू! "पाह्य," त्या म्हणाल्या, "पटापट दारं उघडून राह्यले! इतक्या दिवस काहून सांगितलं नाई कोणी?" दार उघडलं की पोरं पिशव्या पुढं करत, तशी सासूबाईंनीही बायबल काढायला पिशवी उघडली. घरमालकिणीनं मूठभर चॉकलेटं त्यात टाकली आणि त्यांच्या साडीचं तोंड भरून कौतुक केलं. फारच हुबेहूब झालंय म्हणाली. पुढच्या घरी एक चिमुरडं मागे वळलं, त्यानं सासूबाईंना पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली, की गल्लीतली सगळी भुतं दचकली. त्याच्या बापानं त्याला कडेवर घेतलं, हसत हसत सासूबाईंना शाबासकी दिली, मग माझ्याकडे, कोटाकडे, माकडटोपीकडे पाहून विचारलं, "आणि तुम्ही काय झाला आहात?"

"सून," मी रागाच्या भरात मराठीतच म्हटलं. हे हिंदुस्थानातलं काहीतरी भयंकर असणार असं त्याला वाटलं असावं. तो मान डोलावून घाईनं निघाला.

पण अर्ध्या गल्लीत सासूबाईंचा आनंद मावळला. त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या एका घराच्या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. "दारातच देतात अन् लावतात वाटेले," त्या म्हणाल्या. "भिकाऱ्याले देल्यावानी. आत ये, बस, असं एक जण म्हणत नाई." त्यांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मला त्या सगळ्या गल्लीचा, त्या चॉकलेटांचा आणि पाळकसाहेबांच्या शालीचा इतका राग आला, की रडूच कोसळायचं बाकी होतं. मी म्हटलं, "चला आई, घरी जाऊ. थंडी आहे."

त्यांनी ऐकलं नाही. त्या रस्त्यापलीकडे पाहत होत्या. तिथं एक घर अंधारात होतं. भोपळा नाही, दिवा नाही.

"तिथं नाही जायचं, आई. दिवा बंद आहे. म्हणजे येऊ नका."

"पोरी, दिवा नाई तिथंच तर जायचं असते," त्या म्हणाल्या. "दिवा लावलाय त्यायच्या घरी माह्यं काय काम?"

आणि निघाल्याही. बटणाच्या भानगडीत न पडता त्यांनी दारावर मुठीनं धाडधाड केलं. आतून कोणी खाकरलं. दार उघडलं. एक उंच, वाकलेला म्हातारा, पायांत नुसते मोजे, कपाळावर चष्मा, आणि चेहऱ्यावर उघड उघड चीड.

"माझ्याकडे गोळ्या नाहीत," तो म्हणाला. "दिवा बंद आहे, दिसत नाही?"

"काय म्हणते तो?"

"म्हणतोय, दिवा बंद आहे."

"ते मले दिसते. विचार त्याले, काहून?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. पण मी विचारलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी केला नसावा. तो उत्तर शोधत असताना सासूबाईंनी पायरीवर बूट काढले, दाराला लावलेल्या त्याच्या हाताखालून वाकल्या आणि आत गेल्या. 'सॉरी, सॉरी' म्हणत मीही.

आत सासूबाईंनी सरळ भुईवर बसकण मारली. म्हातारा कासावीस होऊन खुर्च्या ओढू लागला. त्यांनी हातानंच नको म्हटलं. "कोण कोण हाये घरात?" मी विचारलं. कोणी नाही, तो म्हणाला. एकटाच. मग दाराकडे पाहत आधीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. गोळ्या वाटायचं काम बायकोचं होतं. ती गेली. त्यानंतरच्या वर्षी त्यानं दिवा लावला होता, तर येणारं प्रत्येक पोर विचारायचं, त्या कुठं आहेत. तेव्हापासून तो दिवा लावत नाही.

मी भाषांतर केलं. सासूबाई 'हं' म्हणाल्या आणि बसून राहिल्या. मयताच्या घरी बसायच्या तशा. म्हाताराही शेवटी खुर्चीत बसला. आम्ही कुठल्या ते त्यानं विचारलं. मी मनाची तयारी केली आणि यवतमाळचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा जराही बदलला नाही. त्यानं ते नाव ऐकलंच नव्हतं! तो चर्चला जात नव्हता. सासूबाईंच्या हातांकडे पाहून त्यानं विचारलं, "शेती?"

"पऱ्हाटी," सासूबाई म्हणाल्या. कापूस, मी सांगितलं.

"यंदा पाऊस कसा झाला?" त्यानं विचारलं.

इतक्या दिवसांत त्या देशात आम्हाला कोणी हे विचारलं नव्हतं. किती माणसं गेली, बायका काय करतात, लेकरं काय खातात, सगळं विचारून झालं होतं. पाऊस कसा झाला? मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली की काय सांगू. सासूबाईंचं तर गाडंच सुटलं. पेरणीनंतर पावसानं कशी दडी मारली, रानडुकरांनी कसा धुडगूस घातला, बोंडाला कीड कशी लागली. तो हरणांबद्दल बोलला, गव्हाबद्दल बोलला. शेवटी दोघांनी मिळून दोन्ही देशांची सरकारं धुऊन काढली. भाषांतर करता करता माझा घसा बसला.

मग सासूबाईंनी गीत म्हटलं, त्यांच्या नेहमीच्या, पोडाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. म्हाताऱ्यानं ते सोसलं. आणि त्यांनी विचारलं, "काय मागू तुह्यासाठी?"

तो म्हणाला, मी हे असलं काही मानत नाही.

"तू नको मानू. मागणार मी हाये. तू फक्त सांग."

"मला काही नको," तो मला म्हणाला. "पण ही बाई एवढ्या थंडीत चालत आली. हिला विचारा, हिच्यासाठी काय मागायचं?"

मी ते मराठीत सांगितलं. "काय म्हणे?" सासूबाईंनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्या खाली बघायला लागल्या. हजारो घरांत त्यांनी हा प्रश्न विचारला असेल. त्यांना तो विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. मीही कधी विचारला नव्हता.

"गुडघे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सांग त्याले. दोन्ही गुडघे गेले माहे. पोडावर जाता येत नाई आता, अर्ध्या रस्त्यात बसा लागते. कोणाले सांगितलं नाई. सांगितलं असतं तर कवाच घरी बसवलं असतं तुमी." पदर तोंडाशी गेला. "अन् मी घरी बसली, तर माह्या घरी कोण येईन, पोरी? सगळ्यायच्या घरी मीच गेली."

आम्ही एका घरात राहतो. एका चुलीवरचं जेवतो. आणि हे मला कॅनडात, एका परक्या माणसाला इंग्रजीत सांगायचं होतं. मी सांगितलं. मध्ये थांबावं लागलं, पण सांगितलं.

म्हाताऱ्याला प्रार्थना करता येत नव्हती. त्यानं चष्मा काढून हातात घेतला, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिचे गुडघे बघ जरा." बस, एवढंच.

"आमेन!" सासूबाई ओरडल्या. तो दचकला.

त्यानं पाणी दिलं, त्या प्याल्या. मग त्यांना उठता येईना. एका बाजूनं मी, एका बाजूनं म्हातारा, असं आम्ही त्यांना उभं केलं. त्याचेही गुडघे काही धड नव्हते, तिघंही पडता पडता वाचलो. पायऱ्या दिसाव्यात म्हणून त्यानं बाहेरचा दिवा लावला, तर लगेच दोन भुतं आणि एक वाघ फाटकातून आत! म्हातारा घाबरला. सासूबाईंनी पिशवीतली सगळी चॉकलेटं त्याच्या ओंजळीत रिकामी केली आणि आम्ही निघालो.

पाळकसाहेबांनी थोडी खळखळ केली. दिवा बंद असलेलं घर धरायचं का, वगैरे. पण मंडळीसमोर मी साक्ष दिली आणि शाल रद्द झाली. गुडघ्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर घरभेटींना जायला लागले. लोकांना वाटलं सुनेला सेवेची आवड लागली. मी जायचे ती त्यांना भुईवरून उठवायला. तसं त्यांनी बरंच रेटलं. मग एका पावसाळ्यात गुडघ्यांनी साफच नाही म्हटलं, आणि सासूबाई घरी बसल्या.

त्यानंतरच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी घरी आले. दार उघडंच होतं. मी आत गेले नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी वाजवली.

"दार उघडं आहे, काय नाटक लावलंय?" आतून माझे यजमान ओरडले.

"हाये का कोणी घरात?" मी विचारलं.

मग सासूबाई, पोडाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात: "ये वो बाई, ये! बस!"

मी त्यांच्या खाटेशी भुईवर बसले. दुखणं विचारलं. गीत म्हटलं, ते त्यांनी दोनदा दुरुस्त केलं. काय मागू, विचारलं, तर त्यांनी अर्ध्या तालुक्याची दुखणी सांगितली आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे गुडघे. मी मागितलं. चुलीवर भात होता, म्हणून मी पटकन आमेन म्हणून उठायला लागले.

"कुठं चालली?" सासूबाई खेकसल्या. "आता दुसऱ्या घरी जायचं हाये का तुले? बस खाली. पाणी कुठं प्याली अजून?"